दोन नळ्या, तीन चौक्या

रडार बिघडलं की मुकाट्याने बंद पडत नाही, हीच त्याची खोड. वरची जाळी गरगरत राहते, पंखे घुमतात, हिरवे दिवे लागतात, पडदा छान उजळतो. पाहणाऱ्याला वाटावं, वा, काय डोळ्यांत तेल घालून बसलंय यंत्र! आणि आतली मोठी नळी मेलेली असेल, तर त्या यंत्राला डोक्यावर आलेलं विमानसुद्धा दिसत नाही. रडारला दिसलं नाही की शेजारी आकाशाकडे तोंड करून उभी असलेली क्षेपणास्त्रं म्हणजे नुसतं रंग दिलेलं लोखंड. मिस्त्रींना हे कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. एकवीस वर्षं ते रडारच दुरुस्त करत होते.

त्यांना हुद्दा होता, चांगला लांबलचक, पाटीवर दोन ओळी खाणारा. पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, आणि त्यांनाही ते बरं वाटे. हुद्द्याला कुणी चहा विचारत नाही, मिस्त्रीला विचारतं.

त्यांच्या ताब्यात तीन चौक्या होत्या. एक टेकडीवर, एक धरणाजवळ, एक बंदराच्या शहराबाहेर किनाऱ्यावर. चौक्या तीन आणि चालू नळ्या दोन. किनाऱ्यावरची नळी तीन वर्षांपूर्वी गेली. ज्या कारखान्यात ती बनत असे तो बंद पडला होता, दुसरा कारखाना शोधणं चाललं होतं, आणि कागद इकडून तिकडे फिरत होता. नळी गेली त्याच वर्षी मिस्त्रींची बायकोही गेली. नळीबद्दल त्यांनी वर तेरा अर्ज केले, सगळे 'एक नळी जादा हवी' असे. बायकोबद्दल कुणापाशी अक्षर काढलं नाही.

मग तीन चौक्या तीन वर्षं तयार कशा होत्या? त्याची गंमत अशी, की तपासणीवाले आज टेकडी, उद्या धरण, परवा किनारा असे सावकाश येत. टेकडी तपासून झाली की मिस्त्री तिथली नळी काढत, फोम भरलेल्या पेटीत निजवत, आणि ड्रायव्हर ती पेटी खड्डे चुकवत चुकवत किनाऱ्यावर नेई. तिथे बसवायची, चाळीस मिनिटं तापवायची. तपासणीवाल्यांचं चहापाणी उरकेपर्यंत यंत्र ठणठणीत. त्या पेटीला सगळे 'पाहुणी' म्हणत. "पाहुणी आली का?" "पाहुणीला उन्हात ठेवू नका रे." असा सगळा थट्टेचा मामला. कुणाच्या मनात पाप नव्हतं. नवी नळी पुढच्या महिन्यात येणार होती. ती नेहमी पुढच्याच महिन्यात येणार असे. आणि तपासणीच्या कागदावर तळाशी 'यंत्र पूर्ण तयार' या शब्दांपुढे मिस्त्री सही करून मोकळे होत. साहेबांची सही नसली तरी चाले, पण दुरुस्ती करणाऱ्याची लागेच.

टेकडीखालच्या वसाहतीत त्यांना दोन खोल्या होत्या. एका खोलीत ते राहत आणि दुसरीत बायकोचं शिवणयंत्र राही. रविवारी दुपारी मुलीचा फोन येई. मुलगी बंदराच्या शहरात शाळेत शिकवी, राहायला चौथ्या मजल्यावर. जावई गोदीत क्रेन चालवत. आणि नात चार वर्षांची, एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलेलं. फोनवर बोलणं व्हायचं ते असं: जेवलात का, हो जेवलो, तब्येत बरी ना, मला काय धाड भरलीय. मग भिंगरी काहीतरी ओरडायची आणि फोन बंद. तेवढ्या पाच मिनिटांसाठी मिस्त्री रविवारी सकाळीच दाढी करून बसत. फोनवर दाढी दिसत नाही हे त्यांनाही कळत होतं.

त्या साली सीमेपलीकडून रोज नव्या धमक्या येऊ लागल्या. दुकानांतून मेणबत्त्या आणि बॅटऱ्या दिसेनाशा झाल्या. बंदराच्या शहरात तेलाच्या मोठमोठ्या टाक्या, त्यामुळे तिथल्या लोकांचा जीव टांगणीला. कुणी गावी जायच्या गोष्टी करी, कुणी खिडक्यांच्या काचांना कागदाच्या पट्ट्या चिकटवी. मुलीच्या इमारतीत मात्र वेगळंच चाललं होतं.

"बाबा, माझी तर पंचाईत झालीय," ती एका रविवारी हसत म्हणाली. "जिन्यात पिशवी घेऊन उतरले की चार दारं उघडतात. भाजीला चाललेय की गाव सोडून, ते बघायला! समोरच्या मावशींनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, मिस्त्रींची मुलगी इथे आहे तोवर घाबरायचं कारण नाही. तिचे वडीलच आहेत ना तिथे, धोका असता तर त्यांनी पहिल्यांदा हिला नेलं असतं."

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात हुकूम आला. या खेपेला तीन पथकं, तिन्ही चौक्या, एकाच दिवशी सकाळी दहाला. साहेबांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं आणि दार लावायला सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. डोक्यावरचे केस गेलेले, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आवाज कधी चढवायचा नाही.

"पाहुणी काही एका वेळी दोन घरी जेवायची नाही, मिस्त्री."

"नाही साहेब."

"किनाऱ्यावर सरावाची फीत लावा."

सरावाची फीत म्हणजे नव्या पोरांना शिकवायला केलेली. ती लावली की पडद्यावर खोटी विमानं उमटतात, येतात, वळतात, नाहीशी होतात. नळी मेलेली असली तरी फीत छान चालते.

"साहेब, ही आता थट्टा राहिली नाही," मिस्त्री म्हणाले. "वेळ तशी आहे. एकदा खरं लिहून टाकू. यंत्र खराब आहे असं कागदावर गेलं की त्यांना नळी द्यावीच लागेल."

"तुम्ही आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलीत," साहेब म्हणाले, "म्हणून तुम्हाला वाटतं, खराब म्हटलं की दुरुस्त होतं. फीत लावा आणि सही करा. वेळ मारून नेऊ."

तपासणीच्या दिवशी सकाळी मिस्त्री ड्रायव्हरबरोबर किनाऱ्यावरच्या चौकीत आले. पेटी नव्हती, त्यामुळे गाडी रिकामी वाजत होती. चौकीच्या खिडकीतून शहर दिसे, टाक्या दिसत, आणि टाक्यांच्या अलीकडे मुलीची पिवळट इमारतही दिसे. चौथ्या मजल्यावर काहीतरी लाल वाळत होतं. भिंगरीचा झगा असेल किंवा नसेलही. इतक्या लांबून काय कळणार? पण मिस्त्री तिथे बराच वेळ पाहत राहिले.

तपासणीला एक बाई आल्या. चष्मा, हातात कागदांचा गठ्ठा, रात्रभरच्या प्रवासाने सुजलेले पाय. मिस्त्रींनी फीत लावली. पडद्यावर चार ठिपके आले, शिस्तीत वळले, गेले. बाईंनी मान डोलावली, रकाने भरले आणि कागद मिस्त्रींपुढे सरकवला. "सही करा आणि मला तेवढं एका जागी बसून पाणी पिऊ द्या," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी पेन उघडलं. आजवर ही सही करताना त्यांचा हात कधी अडला नव्हता. आज अडला. किनाऱ्याला नळी हवी होती, आणि ती मिळवायचा त्यांना माहीत असलेला मार्ग एकच होता: जे मोडलंय ते मोडलंय म्हणायचं. त्यांनी 'पूर्ण तयार' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'तयार नाही. मुख्य नळी तीन वर्षांपासून निकामी. पडद्यावर दाखवली ती सरावाची फीत.' मग खाली सही केली, नेहमीपेक्षा जरा मोठी.

बाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. त्या रागावल्या नाहीत. "आणि बाकीच्या दोन चौक्या?" एवढंच विचारलं.

मिस्त्रींनी पाहुणीची सगळी कहाणी सांगितली. बाहेर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला दारातून ऐकू येत होतं. परतीच्या दोन तासांत तो एक शब्द बोलला नाही. दहा वर्षं दोघं एका डब्यात जेवलेले. त्या दिवशी ड्रायव्हरने आपला डबा गाडीबाहेर झाडाखाली बसून खाल्ला, आणि मिस्त्रींनी आपला उघडलाच नाही.

नंतरचे दिवस तसेच गेले. ते उपाहारगृहात शिरले की गप्पा आटत. कुणी वाकडं बोलेना, कुणी टोमणा मारेना. तेवढं जरी कुणी केलं असतं तरी मिस्त्रींना बरं वाटलं असतं. सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी. साहेबांच्या पेन्शनवर गदा आली, दोघांच्या बढत्या अडल्या, ड्रायव्हरची बदली लांबच्या तळावर झाली आणि तो निरोप न घेता गेला. मिस्त्रींना मात्र मुख्यालयातून पत्र आलं. प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदन! त्या पत्राचं काय करावं ते त्यांना समजेना. शेवटी शिवणयंत्राच्या खणात ठेवून दिलं. पण इतकं सगळं झालं तरी मनातून ते खूश होते. आता नळी येणार, आणि भिंगरीच्या डोक्यावर छप्पर येणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

बाराव्या दिवशी साहेबांनी बोलावलं. दार लावायला सांगावं लागलं नाही.

"नळी नाहीच आहे, मिस्त्री. जगाच्या पाठीवर कुठे नाही. नवी बनायला वर्ष लागेल." साहेबांनी हुकूम पुढे केला. "आता त्यांना खरं कळलंय, तर ते खरा हिशोब करणार. डोळे दोन आहेत, मग राखायच्या जागाही दोनच. धरणावर अर्ध्या देशाचं पाणी आणि वीज. टेकडीच्या मागे राजधानी. किनाऱ्याची चौकी बंद करायची. तिथली क्षेपणास्त्रं परवापर्यंत धरणावर हलवायची."

"आणि शहर?"

"शहराला कळता कामा नये. त्यांना कळलं की पलीकडच्यांना कळलं. तेव्हा जाळी फिरती ठेवायची, लोकांना दिसली पाहिजे. दर आठवड्याला जाऊन तिला वंगण घालायचं काम तुमच्याकडे आहे." साहेबांनी आणखी एक कागद पुढे सरकवला. "गोपनीयतेचा कागद आहे, त्याच्यावर सही लागेल. मिस्त्री, मला तुमचा राग नाही. देशाच्या बाजूने पाहिलं तर तुम्ही चांगलंच केलंत. पूर्वी तीन ठिकाणी अर्धवट होतो, आता दोन ठिकाणी पक्के आहोत."

मिस्त्रींनी सही केली. मुलगी तिथेच राहते हे साहेबांना माहीत होतं. त्यांनी नजर कागदावरून वर केली नाही.

मिस्त्री खोलीवर आले आणि बुटांसकट खाटेवर बसून राहिले. आपल्या हाताने आपण भिंगरीच्या डोक्यावरचं होतं नव्हतं ते काढून घेतलं, हे त्यांना आता लख्ख कळलं. होतं तरी काय तिथे? मेलेली नळी आणि फीत. पण कागदावर तरी ते शहर राखायच्या यादीत होतं, पुढच्या महिन्याच्या आशेवर होतं. आता यादीतूनच गेलं. बायको असती तर तिला सांगता आलं असतं. गोपनीय असलं तरी सांगितलं असतं. ती म्हणाली असती, मग बसलात काय, पोरीला आणा. एवढं बोलायला घरात कुणी नव्हतं, म्हणून ते त्यांनी स्वतःच मोठ्याने म्हटलं. आवाज खोलीत भलताच मोठा वाटला.

रविवारी दुपारी फोन आला.

"बाबा, एकच विचारते, खरं सांगा. तळमजल्यावरच्यांनी सामान बांधलंय. मावशी सकाळपासून चारदा येऊन गेल्या. आम्ही इथे राहू ना? तुमची ती जाळी दिसते गच्चीवरून, फिरतेय आपली. भिंगरी तिला टाटा करते."

"तू असं कर," मिस्त्री म्हणाले, "भिंगरीला घेऊन ये इकडे. थोडे दिवस."

"का? धोका आहे?"

"नाही गं." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग जे तीन वर्षांत तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. "मला इथे फार एकटं वाटतं. तुझी आई गेल्यापासून करमतच नाही. घर खायला उठतं. आता तर कुणी बोलतही नाही माझ्याशी."

पलीकडे मुलगी रडू लागली. "बाबा, किती वाट पाहिली मी तुम्ही हे म्हणायची! मी म्हणायचे, बाबांना कुणाची गरजच नाही. येते, नक्की येते. माझी शाळा आहे हो, मुलांच्या परीक्षा चालू आहेत. त्या संपल्या की पुढच्या महिन्यात महिनाभर राहायलाच येते."

पुढच्या महिन्यात. मिस्त्रींनी डोळे मिटले. मनातलं सगळ्यात खरं बोलून झालं होतं, आणि त्याचं वजन पुढच्या महिन्यापर्यंतच होतं. मुलीचं काय चुकलं? बापाचं एकटेपण काही पळून जाणार नव्हतं.

"परवापासून छातीत दुखतंय," ते म्हणाले.

"काय?"

"डावीकडे. हातही जड वाटतो."

"आणि हे आत्ता सांगताय? मला वाटलंच, तुम्ही असं कधी बोलत नाही! हलू नका, डॉक्टरला बोलवा, मी उद्याच्या पहिल्या गाडीने निघते."

तपासणीच्या दिवशी ज्याला कागदावर एक खोटा शब्द ठेववला नव्हता, त्या माणसाने मुलीला इतकं बेमालूम फसवलं की त्याची त्यालाच शिसारी आली. पण खोलीत झाडू मारला, दुसऱ्या खोलीतलं शिवणयंत्र सरकवलं आणि खाट टाकली.

मुलगी सोमवारी दुपारी पोचली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात भिंगरी. जावई आले नव्हते. गोदीत सगळ्यांच्या रजा बंद. ते कळताच मिस्त्रींचं तोंड उतरलं, आणि मुलीला वाटलं कळ आली. तिने त्यांना झोपवलं, उशी दिली, कपाळाला हात लावला, उद्या मोठ्या डॉक्टरकडे जायचं ठरवून टाकलं. भिंगरीने पाच मिनिटांत दोन्ही खोल्या पालथ्या घातल्या आणि आजोबांच्या पोटावर येऊन बसली. मिस्त्रींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढलाच नाही. तीन वर्षांत घरात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या चपला दारात दिसत होत्या.

चार वाजता फोन वाजला. मुलगी स्वयंपाकघरात होती, मिस्त्रींनीच उचलला.

"भाऊ, मी मुलीच्या समोरची," पलीकडून खणखणीत आवाज आला. या मावशींबद्दल त्यांनी इतकं ऐकलं होतं, पण बोलणं कधी झालं नव्हतं. "कशी आहे तब्येत? मुलगी नीट पोचली? घराची काळजी करू नका म्हणावं, किल्ली माझ्याकडे आहे. जावयांचं रात्रीचं जेवण मी बघते."

"उपकार झाले, ताई." मिस्त्री उठून बसले. आवाज शक्य तितका सहज ठेवून म्हणाले, "तुम्हीसुद्धा थोडे दिवस कुठे जाऊन या ना. बहिणीकडे, भावाकडे. तेवढाच हवापालट."

"मला कसली हवा लागतेय! मी गेले तर इथे सांभाळायचं कुणी? काल काय झालं माहितीये? तुमची मुलगी पिशवी भरतेय म्हटल्यावर सगळ्या इमारतीची पाचावर धारण बसली. जो तो जिन्यात. मीच मग घरोघरी गेले. म्हटलं, अरे वेड्यांनो, ती भिऊन नाही चाललेली, वडिलांच्या छातीत दुखतंय म्हणून चाललीय. तेव्हा कुठे लोकांचा जीव भांड्यात पडला. तळमजल्यावरच्यांचं तर सगळं सामान टेम्पोत चढलं होतं, भाऊ, तीन लहान मुलं त्यांची. मी उभं राहून ते परत उतरवायला लावलं."

मिस्त्रींना दारातल्या भिंगरीच्या चपला दिसत होत्या.

"हॅलो? तुम्ही आपले बरे व्हा हो लवकर," मावशी म्हणाल्या. "तुम्ही आहात म्हणून आम्ही इथे निर्धास्त आहोत."

फोन बंद झाला तरी तो त्यांच्या कानाशीच होता. त्यांचा दुसरा हात छातीवर गेला आणि तिथेच राहिला. मुलगी दारात आली, तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि हातातलं भांडं खाली ठेवून धावली.

"बाबा, दुखतंय का?"

"हो," मिस्त्री म्हणाले.